स्पीकर घेताना बॉक्सवरचे आकडे कसे वाचायचे

हॉलमध्ये लावायला स्पीकर किंवा होम थिएटर घ्यायचं म्हटलं की दुकानदार पहिल्यांदा वॉट सांगतो आणि आपण पण तिथेच भुलतो. वॉटच्या पुढे काय लिहिलंय ते आधी बघा. पीएमपीओ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) लिहिलं असेल तर तो आकडा सरळ सोडून द्या, कारण तो मोजायची ठरलेली अशी काही पद्धतच नाही, म्हणून तर नव्वदच्या दशकात सेलवर चालणाऱ्या टू-इन-वनवर पण शेकडो वॉटचे स्टिकर असायचे. आपल्याला हवा आरएमएस, म्हणजे अँप (अँप्लिफायर) सतत किती पॉवर देऊ शकतो तो आकडा. त्यातही मेख असते, बारीक अक्षरात "१०% टीएचडी" असं असतं. टीएचडी म्हणजे आवाज किती फाटतो त्याचं माप, १०% ला तो चांगलाच फाटलेला असतो, तेव्हा ०.१% किंवा फार तर १% ला किती वॉट दिलेत तेच धरा, आणि ते डावं-उजवं दोन्ही चॅनल एकदम चालू असताना मोजलेत का एकच, हेही बघा.

आता खरी गंमत. मोठा आवाज फक्त अँपमुळे येत नाही, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी किती आहे त्यावर पण असतो, आणि हा आकडा कोणी विचारतच नाही. स्पीकरला १ वॉट दिला आणि १ मीटरवर मोजलं तर किती डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) आवाज येतो, ती सेन्सिटिव्हिटी. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डीबी वाढतात. म्हणजे एक स्पीकर ९० डीबीचा आणि दुसरा ८४ चा असेल तर पहिला १० वॉटमध्ये जेवढा वाजेल तेवढ्यासाठी दुसऱ्याला ४० वॉट लागणार! आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डीबी, म्हणजे दहापट पॉवर लागते, त्यामुळे ५० वॉटचा अँप काढून १०० चा आणला तर फार काही फरक कळत नाही. एक चलाखी लक्षात ठेवा, काही कंपन्या १ वॉटऐवजी २.८३ व्होल्टवर मोजतात, ८ ओहमच्या स्पीकरला ते १ वॉटच होतं पण ४ ओहमला २ वॉट, म्हणजे ३ डीबी फुकटात वाढवून दाखवले.

ओहम हे इम्पीडन्सचं, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. अँपच्या मागे स्पीकर टर्मिनलपाशी ६ ते १६ ओहम असं काहीतरी छापलेलं असतं, त्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर लावू नका, अँप तापतो आणि जास्त ताणलात तर जातो. एकाच टर्मिनलवर ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले की अँपला ते ४ ओहम दिसतात, गणपतीत जास्तीचा स्पीकर बाहेर काढताना हे हमखास विसरलं जातं.

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकर किती खालच्या सुरापासून किती वरच्या सुरापर्यंत वाजतो ते, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ असं छापलेलं असेल आणि त्यात आवाज किती वर-खाली होतो ते सांगणारं प्लस-मायनस ३ डीबी असं काही पुढे नसेल तर त्याला अर्थ नाही. चार इंची वूफर (बास वाजवणारा स्पीकर) २० हर्ट्झ नीट वाजवूच शकत नाही, डग्ग्याचा घुमारा पोटात जाणवायला मोठा वूफर नाहीतर सबवूफर (फक्त खालच्या बाससाठीचा वेगळा स्पीकर) लागतो. सबवूफर असेल तर क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा, त्याच्या खालचं सब वाजवेल, वरचं बाकीचे स्पीकर. गायकाचा आवाज सबमधून यायला लागला तर अजून खाली घ्या.

वायर जोडताना लाल ते लाल, काळा ते काळा. एका बाजूला उलटं झालं तर काही जळत नाही पण बास गायब होतो आणि मधोमध येणारा गायकाचा आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. वायरवरची खूण पुसट झाली असेल तर वायर अँपपासून सोडवा आणि तिच्या दोन टोकांना १.५ व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा, वूफरचा कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेलं टोक ते प्लस. ट्विटरवर (बारीक, वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरवर) हा प्रयोग करू नका.

साउंडबार असेल तर टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवायची सोय) लिहिलंय त्यातच केबल घाला, आणि आवाज नाही आला तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना कंट्रोल करायची सोय) चालू करा, प्रत्येक कंपनी त्याला वेगळंच नाव देते. ऑप्टिकल केबलवर साधा डॉल्बी ५.१ मिळेल, वरूनही आवाज येतोय असं भासवणारा अ‍ॅटमॉस नाही.