वालुकाश्माच्या कमानी पाहताना या चुका टाळा

वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण एकमेकांना जोडले जाऊन बनलेला खडक. त्यातल्या नैसर्गिक कमानींबद्दलची पहिली आणि सगळ्यात चिवट चूक: ‘वाऱ्याने कोरलेली कमान’. वाऱ्यासोबत जाणारी वाळू जड असते, ती जमिनीलगत उड्या मारत जाते, बहुतेक मीटरभर उंचीच्या आतच. वीस मीटरवरचं भोक ती पाडू शकत नाही. वारा सुटलेले कण झाडून नेतो, एवढंच. खरं काम पाण्याचं.

वाळवंटात पाणी कुठलं? अमेरिकेतल्या युटामधील आर्चेस राष्ट्रीय उद्यानात वर्षाला जेमतेम 200 ते 250 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तेवढा पुरतो. किंचित आम्लधर्मी पावसाचं पाणी वाळूचे कण जोडून ठेवणारा कॅल्साइट (चुन्याचं खनिज) विरघळवतं. हिवाळ्यात भेगेतलं पाणी गोठतं, सुमारे 9 टक्के फुगतं आणि खडकाचे पापुद्रे सुटतात. सुट्या तुकड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका: फसफसला तर कॅल्साइट आहे. नाही फसफसला म्हणून जोडणारा पदार्थ लगेच सिलिका (गारगोटीचा घटक) समजू नका; तो लोहाचा किंवा चिकणमातीचाही असू शकतो. (संरक्षित जागेत हा प्रयोग अजिबात नको.)

दुसरी चूक भोकापासून सुरुवात करण्याची. सुरुवात भेगांपासून करा. आर्चेसच्या खाली सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचे मिठाचे थर आहेत. वरच्या खडकाच्या भाराने मीठ सरकलं, काही ठिकाणी फुगून वर आलं आणि वरचा वालुकाश्म समांतर रेषांत तडकला. तडे रुंदावले, मधे पातळ भिंती उरल्या. भिंतीच्या पायथ्याशी मऊ थर असेल तर तिथे आधी खळगा पडतो, तो आरपार गेला की भोक, मग वरचे पापुद्रे गळत ते मोठं होतं.

कमान आणि नैसर्गिक पूल यांतही गल्लत होते. पूल वाहत्या पाण्याने कापलेला असतो. पण खाली कोरडं दिसलं म्हणून ती कमान ठरत नाही: युटातल्याच ओवाचोमो पुलाखालून आता ओढा वाहत नाही. आजूबाजूच्या घळीची वळणं पाहा, जुना प्रवाह कुठून गेला ते त्यावरून कळतं.

भार म्हणजे फक्त कोसळण्याचं कारण, हेही अर्धंच खरं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की दाबाखालचे कण एकमेकांत घट्ट अडकतात आणि तिथली झीज मंदावते. ज्या भागावर भार येत नाही, तो आधी गळतो. उरते ती कमान.

तरीही खाली रेंगाळू नका. 1991 मध्ये आर्चेसमधल्याच सुमारे 88 मीटर लांबीच्या लँडस्केप आर्च या कमानीतून 18 मीटर लांबीचा पट्टा निखळला, तेव्हापासून तिच्याखालची वाट बंद आहे. तिथलीच वॉल आर्च 2008 च्या ऑगस्टमध्ये रात्रीतून पूर्ण पडली.