लेहला निघालात? डायमॉक्स घेण्याआधी हे वाचा

मेडिकल कॉलेजात पंचवीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आणि पन्नाशीनंतर ट्रेकिंगचं वेड लागलं. त्यामुळे सोसायटीत कुणी लेहचं तिकीट काढलं की माझी बेल वाजते. डायमॉक्स म्हणजे उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास टाळायला घेतात ती गोळी. "मॅडम, डायमॉक्सने मेंदूतलं रक्त वाढतं म्हणे!"

वाढतं, पण किती ते डोसवर. कार्बन डायऑक्साइडचं झटपट बायकार्बोनेट करणारं एक एन्झाइम आपल्या अंगात असतं, कार्बोनिक अनहायड्रेज. त्यामुळे हा वायू रक्तातून सहज वाहून जातो. डायमॉक्स नेमकं तेच अडवतं. मग मेंदूत वायू थोडा साचतो, आम्लता वाढते, रक्तवाहिन्या रुंदावतात. मोयामोयासारख्या, मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होत जाणाऱ्या आजारात डॉक्टर मुद्दाम १ ग्रॅम औषध शिरेतून देतात आणि मेंदूच्या कोणत्या भागात रक्त वाढत नाही ते बघतात. तुमची अर्धी गोळी (१२५ मिलिग्रॅम) त्याच्या आठवा हिस्सा, तीही पोटातून. तेवढ्याने घाबरू नका.

आपल्याला ही गोळी हवी असते मूत्रपिंडासाठी. लेह साधारण ३,५०० मीटरवर. विरळ हवेत श्वास वाढतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि श्वासाला उलट ब्रेक लागतो. रात्री झोपेत श्वास थांबून थांबून चालतो तो यामुळेच. हा अल्कधर्मीपणा कमी करायला मूत्रपिंड जादा बायकार्बोनेट लघवीतून टाकतं, पण त्याला काही दिवस लागतात. गोळीने ते काम लवकर होतं.

आधी डॉक्टरांना विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, गरोदरपण असेल तर लपवू नका. मोठ्या माणसाला प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम, म्हणजे २५०ची अर्धी गोळी, दिवसातून दोनदा. विमानाच्या आदल्या दिवशी सुरू करायची आणि लेहमधले पहिले दोन दिवस चालू ठेवायची. दुसरी मात्रा संध्याकाळी लवकर घ्या, नाहीतर रात्रभर कुडकुडत बाथरूमच्या वाऱ्या होतात.

बोटांना, ओठांना मुंग्या येतील; चालायचंच. सोडा मात्र बेचव लागेल. नेपाळात एव्हरेस्टच्या वाटेवरच्या नामचेला मी कोल्ड्रिंक शिळं आहे म्हणून दुकानदाराशी भांडले, त्याने बिचाऱ्याने दुसरी बाटली फोडली, तीही तशीच! मग आठवलं, जिभेला सोड्याचा चुरचुरीतपणा कळतो तो याच एन्झाइममुळे, आणि ते तर मीच बंद पाडलं होतं. पैसे दोन्हीचे दिले.

गोळी घेतली म्हणून दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला या आणखी उंच खिंडीकडे पळू नका. दोन दिवस लेहमध्येच लोळा. पुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकं दुखून उलट्या होत असतील तर वर जायचं नाही. आणि सोबत्याला टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तो झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो असं दिसलं तर ती मेंदूची सूज असू शकते. त्याला लगेच खाली आणा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.