जुन्या जीपची चासी कशी ओळखावी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुनी जीप विकायला निघाली की मालक हमखास सांगतो, ‘बेचाळीसची विलीज आहे.’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लष्करी जीप. बॉनेट, जाळी, इंजिन सगळं बदलता येतं. गाडीची खरी जात चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर कळते, म्हणून पैसे मोजण्याआधी गाडीखाली शिरा. आरसी बुकातल्या सालावर विसंबू नका. लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या गाडीची आरटीओत नोंद नंतर व्हायची.

आधी साफसफाई. खानापूरकडच्या गाड्यांवर लाल चिखल आणि ग्रीस दगडासारखं बसलेलं असतं. डिझेलचा बोळा फिरवा, तासभर मुरू द्या, मग लाकडी पट्टीने खरवडा. ग्राइंडर अजिबात लावू नका. चासीवर ठोकलेला नंबर एकदा घासला गेला की गेलाच.

आता रेडिएटरखालच्या आडव्या मेंबरवर (चासीच्या दोन्ही बाजू जोडणाऱ्या दांड्यावर) हात फिरवा. गोल पाइप लागला तर युद्धकाळातली (१९४१ ते १९४५) विलीज एमबी. उपडा चॅनेल (उलट्या पन्हाळीसारखी पट्टी) लागला तर फोर्ड जीपीडब्ल्यू, म्हणजे फोर्डने बनवलेली तशीच लष्करी जीप असू शकते. नक्की नव्हे, कारण विलीजच्याच १९४५ पासूनच्या नागरी जीपला, सीजे-२एलाही तसाच चॅनेल आहे आणि इथेच भलेभले फसतात. मग शॉक अॅब्सॉर्बरची वरची ब्रॅकेट बघा: फोर्डची त्रिकोणी, विलीजची गोलसर.

पाइप दिसला म्हणूनही हुरळून जाऊ नका. मी एक जीप ‘विलीज’ म्हणून घेतली होती. उद्यमबागेतल्या मिस्त्रीने टॉर्च मारला आणि म्हणाला, “वेल्ड बगा की ओ, ह्यो पाण्याच्या पायपाचा तुकडा हाय!” दोन्ही टोकांना वेल्डिंगचे जाड गोळे होते, आणि वर मूळ चॅनेल कापल्याची खूण. फार वाईट वाटलं.

नंबर चासीच्या डाव्या लांब पट्टीवर शोधा. फोर्डचा वरच्या बाजूला, इंजिन माउंटिंगजवळ, थेट ठोकलेला आणि ‘जीपीडब्ल्यू’ने सुरू होणारा. विलीजचा बंपरमागे, आतल्या बाजूला रिव्हेट केलेल्या छोट्या प्लेटवर. प्लेट गेली असली तरी भोकं सापडतात.

व्हीलबेस या तिघींचा ८० इंचच, त्यामुळे टेपने मॉडेल कळत नाही. पण दोन्ही बाजू आणि कर्ण मोजा. फरक आला तर चासी वाकलेली आहे.

वेल्डरला बोलवायचं ते यानंतर. नंबरभोवतीचा वीतभर भाग त्याला सोडायला सांगा आणि तिथे फक्त पातळ ग्रीस लावा.