ऑनलाइन खरेदीची तक्रार: कुठे करायची आणि पुरावा कसा धरायचा

जाहिरातीत येवल्याची हातमागाची पैठणी आणि पार्सलमधून निघाली पॉलिएस्टरची छापील साडी. तक्रार करण्याआधी एवढं ठरवा: दुकान खोटं आहे, की दुकान खरं आणि माल वाईट? दोन्हींच्या तक्रारीची जागा वेगळी आहे.

बिलावरचा जीएसटी क्रमांक बघा. तो १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातली नोंदणी २७ ने सुरू होते. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर करदाता शोधायच्या रकान्यात तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे, चालू आहे की रद्द, ते दिसतं. साडीवाल्याचा क्रमांक सिमेंटच्या व्यापाऱ्याच्या नावावर निघाला तर समजून जा.

दुकानच खोटं असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. मधल्या एखाद्या खात्यात ते गोठवता आले तरच हाती लागतात. फोन करताना यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय आयडी समोर ठेवा. हिंजवडी-वाकडचे लोक पुणे पोलीस की पिंपरी-चिंचवड या घोळात अडकतात. गुन्ह्याची खबर हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात देता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच तसं आहे. आणि कंपनीचा ‘कस्टमर केअर’ नंबर गूगलवर शोधू नका. रिफंडच्या नावाखाली दुसऱ्यांदा लुटणारे तिथेच बसलेले असतात.

दुकान खरं असेल तर घाई पुराव्याची, कारण वेबपान उद्या बदललेलं असू शकतं. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मोबाइलवर पत्त्याची पट्टी अर्धी झाकलेली असते, म्हणून पूर्ण पत्ता वेगळा कॉपी करून ठेवा आणि पान पीडीएफ म्हणून जतन करा. ‘ऑफर संपायला ९ मिनिटं’ असं घड्याळ दिसलं तर स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करून पान रीफ्रेश करा. घड्याळ पुन्हा ९ पासून सुरू झालं की खोटी घाई रंगेहाथ सापडली. न विचारता टोपलीत घुसवलेला विमा किंवा देणगी पकडायची तर टोपलीपासून पैसे भरायच्या पानापर्यंत एकसलग रेकॉर्डिंग करा. केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ क्लृप्त्यांची यादी आहे, त्यांत या दोन्ही येतात.

पार्सल फोडण्याआधी लेबलचा फोटो घ्या. पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा तिथेच असतो आणि लोक नेमकं तेच फाडून टाकतात. उघडतानाचा व्हिडिओ सहाही बाजू दाखवून, मध्ये न थांबवता काढा.

आता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. चॅटबॉटशी तासभर हुज्जत घालून हाती काहीच लेखी उरत नाही. ऑर्डर क्रमांक, तारीख, रक्कम, काय ठरलं होतं, काय आलं, काय हवं: सहा ओळी बास. पानभर संताप ओतून शेवटी पैसे परत हवेत की बदली माल, हे लिहायचंच राहिलेली पत्रं रग्गड असतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण करावं लागतं. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ अटी-शर्तींच्या तळाशी असली तरी माल सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर ऑनलाइन विक्रेत्याला तो परत घेणं नाकारता येत नाही.

महिन्यात काही हाललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथून कंपनीकडे तक्रार पोचते, पुष्कळदा सुटतेही. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. आदेश मिळतो जिल्हा ग्राहक आयोगाकडून, आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून करता येतो. कंपनी गुरुग्रामची असली तरी तुम्ही पुण्यात राहत असाल तर दावा पुण्यातच. मुदत दोन वर्षं, वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. ही मर्यादा वस्तूला मोजलेल्या पैशांवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. त्यामुळे दोन हजारांच्या साडीसाठी मनस्तापाचे पन्नास हजार मागितले म्हणून शुल्क वाढत नाही.

अडतं ते भलतीकडेच. प्रतिवादी म्हणून ब्रँडचं नाव घातलं की नोटीस परत येते आणि नुसत्या तारखा पडत राहतात. बिलावरचं कायदेशीर नाव आणि नोंदणीचा पूर्ण पत्ता घाला. विक्रेता आणि प्लॅटफॉर्म वेगळे असतील तर दोघांनाही पक्षकार करा. स्क्रीनशॉट आणि व्हिडिओंसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा आणि ते ज्यावर काढले तो फोन निकाल लागेपर्यंत एक्स्चेंजमध्ये देऊ नका.