माहितीपटाचं पदव्युत्तर शिक्षण : पहिली दहा मिनिटं

कोर्स निवडताना संस्थेच्या नावाआधी एकच चौकशी करा : शिक्षण संपेपर्यंत मी स्वतः किती फिल्म पूर्ण करणार? नुसत्या शूट केलेल्या नव्हे. एडिट होऊन, आवाज बसवून, चारचौघांत दाखवलेल्या. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेत (स्थापना १९६०) दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी अशा वेगळ्या शाखा आहेत, म्हणजे एकाच कामात खोल उतरता येतं. दिल्लीच्या जामियातलं मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर (१९८२) किंवा मुंबईच्या टिसमधलं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) माध्यम-संस्कृतीचं एम.ए. इथे थोडंथोडं सगळंच अंगावर येतं. परदेशात डॉकनोमॅड्स हा दोन वर्षांचा कोर्स लिस्बन, बुडापेस्ट आणि ब्रसेल्स या तीन शहरांत चालतो, त्यामुळे भाषा येत नसलेल्या गावातही कॅमेरा लावावा लागतो. माहितीपट एकट्यानं करायचा असेल, तर सगळं करायला लावणारा कोर्स बरा.

कुठेही गेलात तरी पहिली दहा मिनिटांची फिल्म दोन ठिकाणी अडकते : आवाज आणि लॉगिंग, म्हणजे कुठल्या फुटेजमध्ये काय आहे याची नोंद. कॅमेऱ्यामुळे क्वचितच.

आधी विषय. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी हा विषय झाला, फिल्म नव्हे. लग्नसराईची ऑर्डर आली आहे आणि मठारकाम (भांड्यावर हातोडीचे ठोके देणं) करणारे हात दोनच आहेत, तर तिथे काहीतरी घडेल. तुमच्या शूटच्या दिवसांत समोर काय बदलणार, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर विषय अजून कच्चा आहे. कॅमेरा न नेता तीन-चार वेळा जा. ऊन दुकानात किती वाजता येतं, गिऱ्हाईक कधी येतं, ठोकाठोक कधी थांबते, हे वहीत लिहा.

शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण शेजारच्या दुकानात हातोडा चालू असताना घेतलेली मुलाखत कापता येत नाही. दोन वाक्यांमधला तुकडा काढला की मागच्या ठोक्यांची लय तुटते आणि जोड कानाला लगेच कळतो. म्हणून मुलाखत काम थांबल्यावर घ्या आणि ठोके वेगळे रेकॉर्ड करा, लेव्हल बरीच खाली ठेवून. डिजिटल आवाज फाटला की फाटला, नंतर तो शिवता येत नाही.

बोलण्याचा सर्वांत मोठा आवाज (पीक) रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास, सेटिंग ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. लॅपल माइक (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) हनुवटीखाली वीतभर. मंगळसूत्र किंवा माळ असेल तर बाजूला सरकवून, नाहीतर प्रत्येक हालचालीला किणकिण. पंखा बंद, फ्रिज बंद. (फ्रिजमध्ये स्वतःची गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे निघताना तो परत चालू करायला विसरणार नाही.) शेवटी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा एक मिनिट नुसता आवाज घ्या. एडिटमध्ये वाक्यांमधल्या फटी त्यानेच बुजवायच्या असतात.

कॅमेऱ्याला सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/६० वर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद धरा. नवखे लोक चौथ्या सेकंदाला पॅन करतात, म्हणजे कॅमेरा बाजूला फिरवतात, आणि मग वापरण्याजोगं काहीच हाती लागत नाही. माणूस बोलायचा थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, चार सेकंद थांबा. बरेचदा कामाचं वाक्य त्यानंतर येतं.

सेकंदाला १०० मेगाबिटवर रेकॉर्ड केलं तर तासाला ४५ जीबी होतात. दहा तासांचं फुटेज म्हणजे ४५० जीबी, आणि प्रती तीन हव्यात. दोन वेगवेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरी. दुसरी प्रत उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

लॉगिंग त्याच रात्री. टाइमकोड (फुटेजमधली नेमकी वेळ), कोण, काय बोललं, आवाज कसा, एवढे चार रकाने पुरतात. मुलाखत शब्दशः उतरवायला तासाला चार-पाच तास जातात, आणि हाच कंटाळा टाळणारे पुढे एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर आठवडे घालवतात. उतारा छापा, वाक्यांच्या पट्ट्या कापा, जमिनीवर मांडा. पट्ट्या वाचून दहा मिनिटांत गोष्ट कळत नसेल, तर सॉफ्टवेअरमध्येही कळणार नाही.

संमतीपत्र मराठीत, एक पान, शूटच्या आधी. शिवाय कॅमेऱ्यावर तोंडी संमती. मूल असेल तर पालकांची. एडिट लॉक (कायम) करण्याआधी ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांना ती दुकानातच, लॅपटॉपवर दाखवा. एखादं वाक्य आता नको वाटतंय असं ते म्हणाले, तर बदल करायला तेव्हा हातात वेळ असतो.