पहिले पाहुणे, साल्सा आणि चेलाडा

सातारा-सांगलीकडून टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोला आलेल्या प्रत्येक नव्या जोडप्याला मी एकच सांगते, पहिल्या महिन्यातच शेजाऱ्यांना घरी बोलवा. पण पनीर, पुलाव, गुलाबजाम असा घाट घालू नका. त्या धास्तीनं माझं पहिलं बोलावणं वर्षभर लांबलं होतं. साल्सा करा, म्हणजे टोमॅटोची मेक्सिकन चटणी. खर्डा जमणाऱ्या हाताला साल्सा जमतोच.

चार रोमा टोमॅटो घ्या, ते गराचे असतात. बिया काढून बारीक चिरा. त्यात अर्धा पांढरा कांदा, एक सेरानो मिरची, मूठभर कोथिंबीर घाला. हालापेन्यो मिरची आपल्या जिभेला मिळमिळीत लागते. हाबानेरो मात्र लवंगीच्या भरवशावर घेऊ नका, पाहुण्यांचे हाल होतील. दुकानात कोथिंबिरीला सिलांट्रो म्हणतात. शेजारीच तशीच दिसणारी पार्सली असते, म्हणून पान चुरगाळून वास घ्या. मीठ आणि लिंबू शेवटी घालून पंधरा मिनिटं मुरू द्या. याला इथे पिको दे गायो म्हणतात. मिक्सरला हात लावू नका, त्याचा गुलाबी फेस होतो.

दुसरा प्रकार मला जास्त आवडतो. टोमॅटो, मिरची, सालासकट लसूण तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचे आणि ठेचायचे. आधी खिडकी उघडा, पंखा लावा. मिरचीच्या खाटानं धुराचा अलार्म वाजतो. ठेचायला इथे मोल्काहेते असतो, तीन पायांचा दगडी खल. आई पहिल्यांदा आली तेव्हा शेजारीण नव्या मोल्काहेतेत कच्चे तांदूळ वाटत होती. कच निघून पीठ पांढरं येईपर्यंत वाटायचं आणि टाकायचं. आईला इंग्रजी येत नव्हतं, शेजारणीला मराठी. पण टाकी लावलेला पाटा आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी ती असाच धुवायची. तिनं दगडावरून तळवा फिरवला आणि म्हणाली, "अगं, हा तर आपलाच काळा दगड." खरंच, तो बेसाल्टच असतो, सह्याद्रीसारखा. मग तिनं बत्ता हातात घेतला आणि दोघी आळीपाळीनं वाटत बसल्या.

बिअर घेणाऱ्यांसाठी चेलाडा करा. ग्लासच्या कडेला लिंबू फिरवून ती मीठ आणि लाल तिखटात टेकवा. कांदा-लसूण मसाला नको, तेलकट असल्यानं त्याचे गोळे होतात. आत बर्फ, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि 355 मिलीची थंडगार, हलकी लागर बिअर. ग्लास तिरपा धरून सावकाश ओता, मिठानं फेस उसळतो. न घेणाऱ्यांसाठी त्याच ग्लासात सोडा घाला, म्हणजे कोणी वेगळं पडत नाही. आग्रह खाण्याचा करा, पिण्याचा नको. बहुतेक पाहुणे गाडी चालवत परतणार असतात.

बिअर आदल्या दिवशीच आणा. टेक्ससमध्ये रविवारी दुकानात ती सकाळी 10 नंतरच मिळते, आणि वय 21 पूर्ण लागतं. तरुण दिसत असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा.

उरलेला साल्सा रात्रीत पाणी सोडतो. सकाळी ते पाणी थालीपिठाचं पीठ भिजवायला घ्या, आणि फोडी पिठातच मळा.