नकाशावरचा बाण आणि शेवटची गाडी

फौजेत नव्या अधिकाऱ्याला आर्मर्ड (टँकदळ) किंवा मेकनाइज्ड इन्फन्ट्री (चिलखती गाड्यांतलं पायदळ) मिळाली की यंग ऑफिसर्स कोर्सला नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर गाठायचं. निघण्याआधी पोरं फोन करतात, "सर, टॅक्टिक्सचं काय वाचून जाऊ?" वाचायचं तेवढं तुम्ही वाचालच. मी ज्यात अडकलो ते आधी सांगतो, कारण इतकी वर्षं झाली तरी तो प्रसंग आठवला की घशाला कोरड पडते.

एक सँड मॉडेल डिस्कशन होतं, म्हणजे वाळूत मांडलेल्या रणभूमीवर आपापला प्लॅन सांगायचा. निळ्या भुकटीचा कालवा, त्यावर काडेपेटीएवढा पूल, पलीकडे लाल झेंड्या. शत्रू समोर घट्ट बसलेला. माझा प्लॅन असा, की समोर थोडी ताकद लावून त्याला गुंतवायचं आणि मुख्य कॉम्बॅट ग्रुप (टँक आणि पायदळाची मिश्र तुकडी) डावीकडून वळसा घालून पहाटेच्या आत त्याच्या पिछाडीच्या रस्त्यावर न्यायचा. बाण सुरेख काढला होता. डीएसनी, म्हणजे शिकवणाऱ्या डायरेक्टिंग स्टाफमधल्या अधिकाऱ्यांनी, काठी पुलावर टेकवली. "पहली टँक कब पार होगी?" मी म्हणालो, "रात दो बजे, सर." "और आखिरी गाड़ी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोलीत तीस जण होते आणि कोणी हललं नाही.

तो हिशोब इथे सावकाश मांडतो. तुम्हीही कागदावर करा. टँक, बीएमपी (पायदळाच्या चिलखती गाड्या), तोफा, डिझेलचे बाउझर, दारूगोळ्याचे ट्रक, अँब्युलन्स, बिघडलेल्या गाड्या ओढणारी रिकव्हरी असं सगळं धरून २०० गाड्या समजा. दोन गाड्यांत १०० मीटर अंतर ठेवलं तर रांग २० किलोमीटरची झाली. ताशी १५ किलोमीटरने ती मोकळ्या रस्त्यावरचा एक बिंदू ओलांडायलाच ८० मिनिटं घेते. आता मध्ये पूल आणा. अंधार, दिवे बंद, पुलावर एका वेळी एकच गाडी. गाडीमागे दोन मिनिटं धरली तर ४०० मिनिटं झाली, म्हणजे पावणेसात तास. दोन वाजता पहिला टँक चढला तर शेवटची गाडी उतरेपर्यंत सकाळचे साडेआठ उलटलेले. सूर्य उगवला तेव्हा काही रांग अलीकडे, काही पलीकडे. शत्रूचं रिझर्व्ह (मागे राखून ठेवलेली फौज) चार तासांत तिथे पोहोचणार असेल तर वळसा तुम्ही घातला पण कोंडीतही तुम्हीच सापडलात. एखादा टँक पुलाच्या तोंडावर ट्रॅक टाकून बसला तर काय होईल, ते मी धरलेलंच नाही.

मॅनुव्हरमध्ये, म्हणजे अशा वळशाच्या चालीत, वेळ जिंकायची असते. बाण किती लांब काढला याला काही किंमत नाही. मी त्या दिवशी ६० गाड्यांचा फोर्स निवडला असता तर तो चार वाजता पार झाला असता आणि बाकीचे मागून येत राहिले असते. उत्तर इतकं जवळ होतं. म्हणून प्रत्येक बाणाशेजारी पहिली गाडी, शेवटची गाडी आणि शत्रूचं रिझर्व्ह या तिघांच्या घड्याळातल्या वेळा लिहायची सवय आजपासून लावा.

पीसीके, म्हणजे आधीच्या कोर्सकडून मिळालेली आयती उत्तरं (प्रीव्हियस कोर्स नॉलेज), याबद्दल माझं मत कडक आहे. मागच्या कोर्सची वही घेऊ नका. "हेच डीएस सोल्यूशन, पाठ कर" म्हणणारा सीनियर तुमचा हितचिंतक नाही, मग तो कितीही प्रेमाने सांगो. माझ्या सिंडिकेटमधल्या (अभ्यासगटातल्या) एकाने वहीतला प्लॅन जसाच्या तसा मांडला. एक्सरसाइज तीच होती, फक्त पुलाचा लोड क्लास, म्हणजे वजन पेलायची मर्यादा, कमी केलेला होता. टी-९० टँकचं वजन ४६ टनांच्या वर. त्याचा अख्खा प्लॅन कालव्यात गेला.

शिकायचं असेल तर रिसालदार साहेबांकडे, म्हणजे टँक रेजिमेंटमधल्या अनुभवी जेसीओंकडे (शिपायांतून वर आलेल्या अधिकाऱ्यांकडे) जा. मला ज्यांनी शिकवलं त्यांनी एकही पुस्तक उघडलं नाही. रात्री लाल टॉर्चच्या उजेडात एका टी-७२ मध्ये डिझेल भरायला लावलं आणि माझ्याच हातात घड्याळ दिलं. ते मिनिट-सेकंद मला आजही पाठ आहेत.

वादाच्या वेळी दोन उदाहरणं तुमच्या अंगावर येणारच. पहिलं युक्रेनचं. २०२३ च्या उन्हाळ्यात झापोरिझ्झियात चिलखती तुकड्या माइनफील्डमध्ये अडकल्या, वरून ड्रोन, म्हणजे मॅनुव्हर संपलं, असं कोणीतरी ठासून सांगेल. घाबरू नका. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कुर्स्कमध्ये युक्रेनी फौज सीमा ओलांडून आत घुसली. ड्रोन तिथेही होते, पण समोरची संरक्षणफळी पातळ होती आणि घाव अनपेक्षित होता. माझं मत असं, की ड्रोनमुळे जमवाजमव लपवणं कठीण झालंय, म्हणून शेवटच्या गाडीचा हिशोब आणखी कडक करावा लागतो.

दुसरं बांगलादेश युद्धातल्या मेघना नदीचं. ९ डिसेंबर १९७१ ला आशुगंजचा पूल पाकिस्तानी फौजेने उडवला. भारताच्या चौथ्या कोअरचे कमांडर सगत सिंग यांनी तिथे न थांबता हेलिकॉप्टरने जवान पलीकडे उतरवले आणि ढाक्याचा रस्ता धरला. डिस्कशनमध्ये सगळे त्यांच्या धाडसावर बोलतात. तुम्ही फेऱ्यांवर बोला. एका एमआय-४ हेलिकॉप्टरमध्ये जेमतेम चौदा-पंधरा सैनिक बसायचे, म्हणजे एक बटालियन न्यायला किती फेऱ्या लागल्या असतील? जड सामानासाठी गावकऱ्यांच्या होड्या कामाला आल्या. हेही विसरू नका, की त्यांना ठरवून दिलेलं काम मेघनेपर्यंतचंच होतं. वरचा कमांडर नेमकं काय साधू पाहतोय ते समजलं असल्याशिवाय असा निर्णय घेता येत नाही. म्हणून ऑर्डर ग्रुपमध्ये (कमांडर हुकूम देतो त्या बैठकीत) टास्कच्या आधी इंटेंट, म्हणजे त्याचा हेतू, लिहून घ्या. तो दोन ओळींत मावला नाही तर पुन्हा विचारा. विचारल्याबद्दल कोणी गुण कापत नाही, मीच विनाकारण घाबरायचो.

पहिल्या डिस्कशनला तुमचीही बोबडी वळेल, वळू दे. माझी पुढच्या दोन खेपांनाही वळली, चौथ्या खेपेला त्या तिन्ही गोष्टींच्या वेळा लिहिलेला कागद हातात होता आणि आवाज आपोआप स्थिर झाला.

आणि पहिल्या नाइट मूव्हला पुढच्या टँकच्या कपोलात (वरच्या झाकणाच्या तोंडात) उभं राहायची धडपड करू नका. सगळ्यात मागच्या रिकव्हरी गाडीत बसायची परवानगी मागा, आणि ती पुलावर चढेल तेव्हा घड्याळात किती वाजले ते लिहून ठेवा.